आजोबा, किती जाड कापू?



मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या मध्यममार्गावर बोललो होतो. शेवटी पहिल्या रांगेतून एक प्रश्न आला, "सर, हा मध्य स्वयंपाकघरात कुठे सापडतो का हो?" तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. विषय साधा आहे: चीज, हॅम, सलामी यांची चकती किती जाड कापायची? ज्यांच्या घरात मांस शिजत नाही त्यांनी उठून जाऊ नये. काकडी, बटाटा आणि अळूवडी यांनाही हेच नियम लागतात.

आधी हा विषय सुचला कसा ते सांगतो. आमची नात सुट्टीत परदेशातून आली होती. तिला न्याहारीला सँडविच लागतं. म्हणून आम्ही बिबवेवाडीहून रिक्षा करून कॅम्पात गेलो. एका दुकानात काचेच्या कपाटात हॅमचे, सलामीचे गोळे ठेवलेले, आणि मागे कापायचं यंत्र. चिकन हॅम मागितलं. यंत्रावरच्या मुलाने विचारलं, "आजोबा, किती जाड कापू?"

आम्ही म्हणालो, "नेहमीसारखं."

तो म्हणाला, "नेहमीसारखं म्हणजे किती?"

आता बघा, सगळं आयुष्य आम्ही विद्यार्थ्यांना हेच विचारत आलो. 'चांगलं म्हणजे काय? योग्य म्हणजे किती?' आणि त्या मुलाने आमच्याच शस्त्राने आमची विकेट घेतली. (हशा) आम्ही गडबडलो आणि म्हणालो, "चांगलं जाड काप. घरी पाहुणे आहेत."

हे वाक्य लक्षात ठेवा. चूक त्यातच आहे. आपल्याकडे जाड कापणं म्हणजे मोठं मन आणि पातळ कापणं म्हणजे कद्रूपणा, असं एक समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पाहुण्याला बर्फीचा तुकडा मोठा द्यावा, हे ठीकच. पण बर्फीचा न्याय हॅमला लागत नाही.

घरी सँडविच झाली. नातीने पहिला घास तोडला आणि हॅमचा अख्खा काप पावातून सर्रकन ओढला जाऊन बाहेर आला. हातात नुसता पाव. ती हसली. आमच्या सौ. मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दोन घास घेतले, उरलेलं हळूच बशीत ठेवलं आणि म्हणाल्या, "मला भूक नाही." दोन महिन्यांपूर्वी त्यांना पूर्ण कवळी बसवली होती. त्या दोन महिन्यांत 'मला भूक नाही' हे वाक्य घरात बऱ्याचदा ऐकू आलं होतं. आम्ही ते खरं मानत होतो.

असो. त्याकडे शेवटी परत येऊ. आधी जाडीचं शास्त्र बघू.

आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. बटाटा एकच, पण त्याच्या फोडी होतात, काप होतात, चकत्या होतात, काचऱ्या होतात आणि कीसही होतो. बाई म्हणाली, "काचऱ्या कर," तर सुनेने फोडी करून चालत नाही. काचऱ्या पातळ, त्या तव्यावर झाकण ठेवून पटकन शिजतात आणि कडेने कुरकुरतात. काप त्याहून जाड, रव्यात घोळवून परतले की बाहेर खमंग आणि आत मऊ. म्हणजे आपल्या शब्दांतच जाडी दडलेली आहे, आणि त्या जाडीत ती कशासाठी, हेही दडलेलं आहे. हॅम आणि चीज आपल्याकडे बाहेरून आले. त्यांच्यासोबत असे शब्द आले नाहीत. 'स्लाइस' हा एकच शब्द आला, आणि तो जाडी सांगत नाही. त्यामुळे दुकानातल्या त्या मुलासमोर आमची जीभ अडखळली.

मग ठरवायचं कसं? आमचं म्हणणं असं, की चकतीला तीन कामं करायची असतात. एक, दातांखाली तुटायचं. दोन, जिभेवर चव आणि वास सोडायचा. तीन, तोवर हातात नि पावात धड राहायचं. ही तिन्ही कामं ज्या जाडीत जमतात ती बरोबर जाडी.

पहिलं काम, तुटणं. मांस म्हणजे लांब धाग्यांची जुडी. धाग्यांच्या दिशेने कापलं तर प्रत्येक कापात लांबच लांब धागे राहतात आणि ते तोडायचं काम दातांवर येतं. धाग्यांना आडवं कापलं तर प्रत्येक धाग्याची लांबी म्हणजे चकतीची जाडी. दोन मिलिमीटरचा काप म्हणजे दोन मिलिमीटरचे धागे. सुरीने दातांचं निम्मं काम आधीच करून ठेवलं. प्लेटोच्या 'फीड्रस' संवादात सॉक्रेटिस म्हणतो की विषयाची विभागणी त्याच्या नैसर्गिक सांध्यांवर करावी, अडाणी खाटकासारखी तोडफोड करू नये. विचारांना ते लागू आहे. पण जेवणाच्या ताटातल्या शिजवलेल्या मांसाला उलटा नियम: निसर्गाची दिशा बघा आणि तिला आडवे जा.

जे मांस बारीक वाटून, मळून, साच्यात शिजवलेलं असतं, जसं चिकन सलामी किंवा इटलीतलं मोर्तादेल्ला, त्यात असे लांब धागे उरलेलेच नसतात. ते कसंही कापलं तरी तुटतं. मग ते पातळ का कापायचं? इथे दुसरं काम येतं, चव सोडण्याचं.

एक साधं गणित करा. दहा सेंटिमीटर लांबीचा सलामीचा दांडा घ्या. चार मिलिमीटरच्या चकत्या केल्या तर पंचवीस होतील. प्रत्येकीला दोन बाजू, म्हणजे पन्नास. एक मिलिमीटरच्या केल्या तर शंभर चकत्या आणि दोनशे बाजू. मांस तेवढंच, पण जिभेला आणि हवेला भेटणारा पृष्ठभाग चौपट. त्यातली चरबी तोंडाच्या उबेने लगेच मऊ होते, मीठ लगेच कळतं, मसाल्याचा वास नाकाकडे जातो. जाड तुकड्यात हे सगळं आत अडकून राहतं. तो चावून होईपर्यंत जीभ कंटाळते. शिवाय पातळ चकत्या घडी घालून, चुरगळून ठेवल्या की मध्ये हवा राहते. पन्नास ग्रॅम हॅम असं भरलं तर सँडविच भरगच्च दिसतं आणि घास अलगद तुटतो. तेच पन्नास ग्रॅम एका फळीसारखं ठेवलं तर काय होतं ते आमच्या नातीने दाखवलंच.

तिसरं काम, धड राहणं. चकती फार पातळ झाली तर ती उचलताना फाटते, एकमेकींना चिकटते, हवेने सुकते. सँडविच शेकायचं असेल तर पातळ पापुद्रा जाळीवर आक्रसून चिवट होतो. म्हणजे पातळपणालाही शेवट आहे.

आता आकडे देतो, कारण आकड्यांशिवाय आपल्याला पटत नाही. (हशा) मीठ लावून वाळवलेलं, शिजवलेलं नसलेलं डुकराचं हॅम एक मिलिमीटरच्या आतच हवं, अगदी पापुद्र्यासारखं. ते खारट आणि चिवट असतं. कडक, वाळवलेली सलामी एक ते दीड मिलिमीटर. शिजवलेलं हॅम, चिकनचं असो की पोर्कचं, सँडविचसाठी दीड ते दोन. नुसतं बशीत खायचं, काट्याने तोडून, तर तीन चालेल. हॅम तव्यावर परतून अंड्यासोबत खायचं असेल तर पाच-सहासुद्धा चालतं, कारण तिथे बाहेरून खरपूस आणि आतून रसाळ असं दोन्ही हवं असतं. आपल्या बटाट्याच्या कापांचाच न्याय. नियम असा: जिन्नस जितका कडक, खारट, चिवट, तितका काप पातळ. जितका मऊ, ओलसर, सौम्य, तितका जाड.

चीजला हाच नियम लावून बघा. कडक, मुरलेलं पार्मेसान कापायचं नसतंच. ते किसतात, छिलतात किंवा टोकाने खडा फोडतात. चेडर, गौडा यांसारखं मधल्या घट्टपणाचं चीज सँडविचमध्ये दोन मिलिमीटर. शेकायच्या सँडविचमध्ये तीन, म्हणजे पाव लाल होईपर्यंत ते वितळतं पण वाहून जात नाही. ताजं, पाणीदार मोझ्झरेल्ला टोमॅटोसोबत पाच-सहा. पनीर सेंटिमीटरभर, कारण पातळ पनीर भुरभुरून तुटतं आणि वितळत तर नाहीच. बाजारातल्या प्रोसेस्ड चीजच्या पाकिटात हा निर्णय कारखान्याने आपल्यासाठी घेऊन टाकलेला असतो. अमूलच्या दोनशे ग्रॅमच्या पाकिटात दहा चकत्या, म्हणजे एक वीस ग्रॅमची. सोय आहे, पण मग निवड उरत नाही. वडी आणून घरी कापलीत तर ती निवड तुमच्या हातात राहते.

आणि काही गोष्टी कापायच्याच नसतात. गोव्याचं चोरीस घ्या. दिसायला तेही सॉसेजच. पण त्यात मांसाचे मोकळे तुकडे, व्हिनेगर, मिरची आणि मसाला असतो, आणि ते शिजवून खायचं असतं. गोंयकार त्याच्या चकत्या करत बसत नाही. तो सालीतून ते मोकळं करतो, कांद्याबरोबर शिजवतो आणि पावात भरतो. सलामीची सुरी चोरीसावर चालवणं म्हणजे चिवड्याच्या चकत्या करायला बसण्यासारखं आहे.

शाकाहारी मंडळी म्हणतील, आमचं काय? तुमच्यासाठी तर उत्तम शाळा रस्त्यावर भरते. सँडविचवाल्याची गाडी नीट बघा. आधी लोणी, पावाच्या कडेपर्यंत. त्याने काकडी-टोमॅटोचं पाणी पावात शिरत नाही. मग हिरवी चटणी. मग उकडलेला बटाटा, त्याची चकती बऱ्यापैकी जाड, कारण तो मऊ आहे, पातळ केला तर कुस्करतो. काकडी त्याहून पातळ, कारण ती कडक आणि घसरडी. बीट उकडलेलं, पातळ. कांदा सगळ्यात पातळ, कारण तिखट आणि करकरीत. त्या माणसाने आमचं हे व्याख्यान ऐकलेलं नाही. पण नियम त्याच्या बोटांत आहे.

आता हत्यारांकडे येऊ. मांस कापायचं चाकाचं यंत्र रॉटरडॅमच्या एका खाटकाने, विल्हेल्म फान बर्केलने, 1898 साली बनवलं. हाताने एकसारख्या पातळ चकत्या काढणं हे तोवर कसबी माणसाचं काम होतं. बर्केलच्या यंत्रात गोल पातं एका जागी फिरतं आणि मांस सरकत्या गाडीवरून त्याच्याकडे नेलं जातं. पातं जागेवर, जिन्नस हलतो. ऐकल्यासारखं वाटतं ना? आपली विळी! पायाने पाट दाबून धरायचा, पातं स्थिर, आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर न्यायची. दोन्ही हात जिनसावर असल्याने जाडी बोटांना कळते. आमच्या आईच्या विळीवरच्या काकडीच्या चकत्या मोजून घेतल्यासारख्या यायच्या.

चीजसाठी दुसरं हत्यार नॉर्वेत तयार झालं. थोर ब्यॉर्कलुंड नावाचा सुतार होता. त्याने 1925 साली लाकडाच्या रंध्यावरून कल्पना घेऊन चीजचा रंधा बनवला. पसरट पात्यात मध्ये एक धारदार फट. चीजवरून ओढलं की त्या फटीतून पातळ पदर वर येतो. मधल्या घट्टपणाच्या चीजला हे फार छान चालतं. मऊ चीजला चालत नाही, ते पात्याला चिकटतं.

घरात यंत्र नसलं तरी अडत नाही. दोन गोष्टी सांभाळा. पहिली, धार. बोथट सुरी कापत नाही, दाबते, आणि दाबलं की काप एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. दुसरी, थंडावा. अळूवडीचा उंडा वाफवून गरमागरम कापायला घेतला तर काय होतं? पान सुटतं, पीठ चुरतं. म्हणून तो गार होऊ देतो, मग वड्या पाडतो. हॅमचंही तेच. वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, चरबी घट्ट होईल आणि पातळ चकती सुटेल. चीजही फ्रीजमधून काढल्या काढल्या कापा, पण खायच्या आधी थोडा वेळ बाहेर ठेवा. थंडगार चीजला वास नसतो. पुण्यातल्या एप्रिलमध्ये दहा मिनिटं पुरतात. (हशा)

जाडी मोजायची कशी? एक चकती पट्टीने मोजता येत नाही. दहा चकत्यांची चवड रचा, तिची उंची मोजा आणि दहाने भागा. दुकानात यंत्राच्या चकतीवर आकडे असतात, पण ते आकडे म्हणजे मिलिमीटर असतीलच असं नाही. एका यंत्राचा दोन म्हणजे दुसऱ्याचा दोन नव्हे. म्हणून आकडा सांगू नका. म्हणा, "आधी एक काप दाखव." ती हातात घ्या, वाकवा. घडी पडली आणि फाटली नाही, तर सँडविचसाठी बरोबर.

इथे आपल्या वयाच्या लोकांसाठी एक सावधगिरीची सूचना. पृष्ठभाग वाढला की चव वाढते, तशी जंतूंना जागाही वाढते. कापलेलं मांस अख्ख्या गोळ्यापेक्षा लवकर खराब होतं. म्हणून लागेल तेवढंच कापून घ्या, फ्रीजमध्ये ठेवा आणि उघडल्यावर तीन ते पाच दिवसांत संपवा. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि साठी-पासष्टीच्या पुढे त्याचा आजार गंभीर होऊ शकतो. त्यामुळे ज्येष्ठांनी असं मांस वाफा येईपर्यंत गरम करून खावं. आणखी एक. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत गणलं. मीठही त्यात भरपूर, आणि दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावं असं तीच संघटना सांगते. म्हणजे हे रोजचं अन्न नव्हे. कधीतरी खायचं, थोडं खायचं. आणि थोडं खायचं असेल तर पातळ कापा. दोन पातळ चकत्यांत जेवढी चव मिळते तेवढी एका जाड तुकड्यात मिळत नाही.

आता ॲरिस्टॉटल. मागच्या वेळी ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांना सांगायचं म्हणजे, मध्यममार्ग समजावताना तो जे उदाहरण देतो ते खाण्याचंच आहे. 'निकोमाखसची नीती' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तो म्हणतो: समजा, दहा मापं अन्न फार आणि दोन मापं कमी. अंकगणिताने मध्य निघतो सहा. पण म्हणून व्यायामशाळेचा गुरू प्रत्येकाला सहा मापं वाढेल का? मिलो नावाच्या नामांकित मल्लाला सहा मापं कमी पडतील. नुकत्याच आखाड्यात आलेल्या पोराला ती फार होतील. मध्य वस्तूत नसतो, तो खाणाऱ्याच्या संदर्भात असतो.

हे आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. परीक्षेत विचारलं. आणि आमच्याच जेवणाच्या टेबलावर एक माणूस दोन महिने 'भूक नाही' म्हणत होता, तेव्हा आम्हाला ते आठवलं नाही. आम्ही सगळ्यांसाठी सारखंच जाड कापत होतो, आणि त्याला प्रेम समजत होतो.

त्या दिवशी संध्याकाळी नात स्वयंपाकघरात आजीजवळ बसली आणि तिने सरळ विचारलं, "आजी, दुखतं का गं?" सौ. म्हणाल्या, "दुखत नाही. पण तोडताना कवळी हलते. चारचौघांत तोंडावर हात धरावा लागतो. त्यापेक्षा नको." म्हणजे प्रश्न भुकेचा नव्हता. टेबलावरून उठावं लागण्याचा होता. मिक्सरमधून काढून दिलं असतं तर पोट भरलं असतं, पण सगळ्यांसोबत बसून, सगळ्यांसारखं खाणं, ते गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी उरलेलं हॅम आम्ही फ्रीजरमध्ये ठेवलं, धाग्यांना आडव्या पातळ पट्ट्या काढल्या, वाफवल्या. पावाच्या कडा काढल्या. काकडी किसणीच्या सपाट पात्यावर उतरवली. चीज पातळ. सँडविचचे चार चौकोन केले, पुढच्या दातांनी तोडावं लागू नये इतके छोटे. सौ.नी एक खाल्ला. मग दुसरा घेतला. आम्ही काही बोललो नाही. त्याही काही बोलल्या नाहीत. फक्त तिसऱ्या चौकोनाला त्या म्हणाल्या, "मीठ जास्त आहे याला." (हशा) तक्रार आली म्हणजे जेवण नीट चाललंय, हे पन्नास वर्षांच्या संसारात आम्हाला कळतं.

तेव्हापासून आमच्या घरी पेरू पातळ कापला जातो, सफरचंदाची साल काढली जाते आणि भाकरीसोबतचा कांदा बोटभर जाड येत नाही. पुढच्या खेपेला कॅम्पात गेलो तेव्हा तोच मुलगा यंत्रावर होता. त्याने विचारलं, "आजोबा, किती जाड?" आम्ही म्हणालो, "आजी खाणार आहेत. त्या बेताने काप." त्याने पातं सरकवलं, एक चकती काढून आमच्या हातात ठेवली. वाकवून पाहिली. फाटली नाही.

तेव्हा, पुन्हा कुणी विचारलं, "किती जाड?" तर आकडा सांगायच्या आधी एकदा मागे वळून बघा, की खायला कोण बसलंय.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त 'नेहमीसारखे' नकोत. (हशा)